पाणी शुद्ध करायच्या ६७ मिलिग्रॅमच्या गोळ्या: माल चोख, वाटपाचा हिशेब कच्चा

पूर ओसरल्यापासून नळाच्या पाण्याचा भरवसा परत येईपर्यंतचे दिवस या गोळ्यांवर काढायचे असतात. आत सोडियम डायक्लोरोआयसोसायन्युरेट, रोजच्या भाषेत क्लोरीनची गोळी. पुनर्वसनाच्या आराखड्यात तिच्यापुढे 'घरटी एक पट्टी' एवढंच लिहिलेलं असेल तर आराखडा तिथेच फसला. आमची तक्रार त्या एका ओळीबद्दल आहे, गोळीबद्दल फारशी नाही.

आधी गोळी. ६७ मिलिग्रॅमची एक गोळी २० लिटर नितळ पाण्याला पुरते. तिच्यातून साधारण ४० मिलिग्रॅम क्लोरीन सुटतं, म्हणजे लिटरमागे २ मिलिग्रॅम. पाणी गढूळ असेल तर दोन गोळ्या, कारण गाळ आणि कुजका पाला जंतूंच्या आधी क्लोरीन खाऊन टाकतो. गोळी फसफसत विरघळते. झाकण लावून अर्धा तास थांबायचं, मग प्यायचं. कॉलरा, विषमज्वर आणि जिवाणूंमुळे होणारी हगवण यांच्यावर काम हुकमी. क्रिप्टोस्पोरिडियम या जुलाब करणाऱ्या परजीवीपुढे मात्र ती हात टेकते. पाण्यात डिझेल किंवा कीटकनाशक उतरलं असेल तर गोळी टाकून काहीच साधत नाही, ते पाणी पिण्यासाठी घेऊच नये. पट्टी शाबूत असेल तर माल पाचेक वर्षं टिकतो. ब्लीचिंग पावडर दमट कोठारात त्याच्या कितीतरी आधी जोर गमावते, तेव्हा साठा करायचा तर गोळीच बरी.

गढूळ म्हणजे किती गढूळ? पारदर्शक बाटलीत पाणी भरा, बाटली छापील कागदावर ठेवा आणि वरून बघा. अक्षरं वाचता आली नाहीत तर आधी पाणी निवळू द्या, चार पदरी कापडातून गाळा आणि मग दुप्पट मात्रा द्या. गंजलेलं लोखंडी भांडं वापरू नका, गंजही क्लोरीन पितो.

आता तो हिशेब. पिण्याला माणशी अडीच-तीन लिटर आणि स्वयंपाकाला तीन ते सहा लिटर धरा. पाच माणसांच्या घराला रोज २८ ते ४५ लिटर लागतं, म्हणजे २० लिटरचे दोन कॅन. पाणी नितळ असेल तर दोन गोळ्या, गढूळ असेल तर चार. दहा गोळ्यांची पट्टी नितळ विहिरीवाल्याला पाच दिवस जाते आणि नाल्याकाठच्या घराला अडीच दिवस. नाल्याकाठी राहणारा बहुधा जास्त गरीब असतो आणि त्याच्याच घरात लहान मुलं जास्त. सगळ्यांना सारखंच वाटलं म्हणून वाटणारे निवांत, आणि तिसऱ्या दिवशी तिथलं पाणी पुन्हा कच्चं. महिन्याची मागणी नोंदवताना नितळ पाण्याच्या घराला ६० आणि गढूळ पाण्याच्या घराला १२० गोळ्या धरा. त्याआधी प्रत्येक गल्लीतला पाण्याचा उगम बघून या, अर्ध्या दिवसाचं काम आहे.

भरलेला २० लिटरचा कॅन २० किलोच्या वर जातो. एकट्या म्हातारीला, गरोदर बाईला किंवा चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला तो उचलत नाही. ती पाच-दहा लिटरच्या भांड्यात पाणी आणतात आणि गोळी मोडून 'अर्धी-पाव' करतात. मोडलेल्या तुकड्यात किती क्लोरीन आहे हे कुणालाच सांगता येत नाही. अशा घरांसाठी कमी ताकदीची गोळी वेगळी मागवा. मात्र दोन्ही पट्ट्या एका खोक्यात भरू नका. दिसायला जवळपास सारख्या असतात, आणि मोठी गोळी लहान भांड्यात गेली की पाण्याला असा भपका येतो की घर तिचं नावच टाकतं.

वेष्टनाला आम्ही सपशेल नापास करतो. फॉइल इतकं ताठ की संधिवाताच्या बोटांना फाडता येत नाही, सूचना मुंगीएवढ्या अक्षरांत आणि न दिसणाऱ्याला ओळखता येईल अशी एकही खूण नाही. देताना एक कॅन समोर भरून दाखवा, २० लिटरच्या रेषेवर जाड चिकटपट्टी लावा म्हणजे बोटाने कळेल. चित्रांचा कागद द्या आणि पट्टी मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवायला बजावा. गोळी गिळायची नसते, हे औषधाच्या पट्टीसारखं वेष्टन बघून सहज विसरलं जातं.

फारच गढूळ पाण्याला गाळ बसवणारी पुडी सरस. एक पुडी १० लिटरला: पाच मिनिटं ढवळा, पाच मिनिटं निवळू द्या, कापडातून दुसऱ्या भांड्यात गाळा, वीस मिनिटं थांबा. पाणी काचेसारखं निघतं. फक्त त्याला दोन भांडी, स्वच्छ कापड आणि ढवळायला धड हात लागतात. ज्याचं सगळंच वाहून गेलं त्याला नुसती पुडी देणं म्हणजे थट्टाच. दोन बादल्या आणि कापड सोबत जमत असेल तरच ती यादीत घाला.

वाटून झालं की घरोघरी तपासा. डीपीडी १ ची गोळी (पाण्यात क्लोरीन असलं की गुलाबी रंग देणारी तपासणीची गोळी, प्यायची नव्हे) १० मिलिलिटर नमुन्यात चुरडायची आणि गुलाबी रंग लगेच रंगपट्टीशी ताडायचा. क्लोरीन अर्ध्या तासाने लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या वर नको, २४ तासांनी ०.२ च्या खाली नको. एक फसगत लक्षात ठेवा: क्लोरीन फारच जास्त असेल तर गुलाबी रंग उमटून क्षणात उडतो आणि 'शून्य' वाटतं. शंका आली तर नमुन्यात तेवढंच क्लोरीनविरहित पाणी मिसळून पुन्हा बघा आणि आलेला आकडा दुप्पट करा.

वाटप कधी थांबवायचं हेही आराखड्यात आधीच लिहा. टाकीजवळ क्लोरीन भरपूर दिसतं म्हणून थांबवू नका. जलवाहिनीच्या शेवटच्या टोकाचा नळ गाठा, सकाळी आणि संध्याकाळी नमुना घ्या. तिथे सलग काही दिवस ०.२, साथ चालू असेल तर ०.५ मिळालं की त्या गल्लीचं वाटप बंद करा, आणि टोकापुढे जिथे वाहिनीच पोचत नाही तिथलं चालू ठेवा.