टीएलपी: जुन्या लॅपटॉपचा पंखा अखेर शांत झाला

लिनक्स वापरत असाल तर टीएलपी हे लॅपटॉपची वीज वाचवणारं सॉफ्टवेअर नक्की टाकून बघा, फुकट आहे. माझ्या लॅपटॉपवर नुसतं ब्राउझर उघडलं तरी पंखा घोंगावायचा, मांडीवर ठेवायची सोय नव्हती. इन्स्टॉल केल्यावर लगेच थोडा फरक पडला पण खरी करामत कॉन्फिग फाइलमध्ये, म्हणजे त्याच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये आहे, बॅटरीवर असताना टर्बो बूस्ट (प्रोसेसरचा जादा वेग) बंद केला, एनर्जी पॉलिसी (वेग हवा की वीजबचत, हे ठरवणारी सेटिंग) बचतीकडे झुकणाऱ्या बॅलन्स पॉवरवर ठेवली आणि चार्जर लावला की परफॉर्मन्स, आता टायपिंग करताना आवाजच येत नाही! व्हिडिओ एक्सपोर्ट मात्र बॅटरीवर रेंगाळतो, ते काम मी चार्जर लावूनच करते.

आणि हो, पॉवर प्रोफाइल्स डीमन (वीजवापर सांभाळणारा, मागे चालणारा दुसरा प्रोग्राम) चालू असेल तर तो आधी बंद करा, तो आणि टीएलपी दोघंही त्याच सेटिंगला हात घालतात. टर्मिनलची (कमांड टाइप करायच्या खिडकीची) सवय नसेल तर सुरुवातीला जड जाईल.