दुसरं लग्न की नुसतं एकत्र राहणं? पेन्शनचा हिशोब

माझी मावशी भांडुपला राहते, काका जाऊन सहा वर्षं झाली, त्यांच्या पीएफमधून तिला ईपीएस ९५ची (पीएफसोबतची १९९५ची कर्मचारी पेन्शन योजना) विधवा पेन्शन येते, महिन्याला १००० रुपये, पण लाईट बिल त्यातूनच भरते आणि पासबुक दर महिन्याला प्रिंट करून आणते. आता एक चांगले गृहस्थ भेटलेत, म्हणून हा प्रश्न.

रजिस्टर लग्न केलं की पेन्शन बंद. मूल २५ वर्षांच्या आतलं असेल तर त्याला अनाथ पेन्शन मिळते, विधवा पेन्शनच्या ७५ टक्के, पण मावशीचा मुलगा २८चा आहे. लाडकी बहीणचे १५०० पण बघा, कुटुंबाची मर्यादा वर्षाला २.५ लाख आणि नवऱ्याचं उत्पन्न त्यात धरतात.

नुसतं एकत्र राहिलं तर पेन्शन चालू, कारण नियमात पुनर्विवाह म्हटलंय. हयातीच्या दाखल्याला पुनर्विवाह झालाय का विचारतात, ती खोटं न बोलता ‘नाही’ म्हणू शकते. पण देवळात गुपचूप लग्न करून दाखल्यावर ‘नाही’ लिहायचं, हे मला अजिबात पटत नाही, उद्या वसुली लागली तर भरणार कोण?

मात्र त्या गृहस्थांना उद्या काही झालं तर? मृत्युपत्र नसेल तर त्यांच्या खोलीवर हिचा वारसा हक्क नाही. २००५चा घरगुती हिंसाचार कायदा लग्नासारख्या नात्यालाही लागू होतो, पण तो वारसा देत नाही. मी मावशीला सरळ सांगितलं, हजार रुपयांसाठी हा वारसा हक्क सोडू नकोस, लग्नच कर.