जळगावातलं भाड्याचं घर, तीन भाडेकरू आणि एक समन्वयक ताई: आमचा चौदा महिन्यांचा अनुभव

मानसिक आजार असलेल्या माणसांना रुग्णालयाबाहेर, भाड्याच्या घरात राहायला मदत करणाऱ्या एका संस्थेचा हा अनुभव आहे. संस्थेचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की घर सापडेल, आणि त्या घरात राहणाऱ्या तिघांना कोणी ओळखावं असं मला वाटत नाही. त्यातला एक माझा धाकटा भाऊ आहे. वय ४६, आजार बायपोलर (कधी मन फार उसळतं, कधी फार खचतं), पंचवीस वर्षांपासून.

आमची माय चोपड्याला असते, ७८ वर्षांची. "मना मांगे याले कोन दखी?" हे ती जेवताना म्हणायची, झोपताना म्हणायची. मी सासरी धुळ्याला. भाऊ आधी अकरा महिने रुग्णालयात होता. त्यातल्या शेवटच्या चार महिन्यांत त्याला औषधोपचारासाठी तिथे राहायची गरजच नव्हती. न्यायला घर नव्हतं, एवढंच. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम १९ सांगतं की घरच्यांनी स्वीकारलं नाही किंवा राहायला जागा नाही, एवढ्याच कारणावरून कोणाला रुग्णालयात ठेवता येणार नाही. मला हे तेव्हा माहीत नव्हतं. सरकारची प्रादेशिक मनोरुग्णालयं पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला. आपल्या खानदेशात एकही नाही, त्यामुळे अशा गोष्टी समजावून सांगणारं माणूसही जवळ भेटत नाही.

या संस्थेचं काम असं: पिंप्राळ्याच्या बाजूला साधं दोन खोल्यांचं घर भाड्याने घेतलेलं, तिघं राहतात, एक मदतनीस दादा मुक्कामी असतो. समन्वयक ताई आठवड्यातून दोनदा येते. डॉक्टरांची तारीख, रक्त तपासणी, दाखले, घरमालक, शेजारी, काम हे सगळं तिच्याकडे. महिन्याला आम्ही ७००० रुपये देतो: भाड्याचा वाटा २२००, जेवण आणि मदतनीस ३८००, समन्वयाचे १०००.

पहिल्याच दिवशी मला या लोकांची खात्री पटली ती भाडेकराराच्या वेळी. अकरा महिन्यांचा करार भाडेकरूंच्या स्वतःच्या नावावर होता, संस्था फक्त हमीदार. घरमालक काका म्हणाले, "अशा माणसाची सही चालते का?" ताईने शांतपणे त्याच मानसिक आरोग्य कायद्यातलं कलम ३ सांगितलं. मानसिक आजार आहे एवढ्यावरून कोणी कायद्याने विकल मनाचा ठरत नाही, ते ठरवायचं तर न्यायालयाने. मग तिने स्वतःचा आणि डॉक्टरांचा फोन नंबर एका कागदावर लिहून काकांच्या मीटरच्या पेटीवर चिकटवला. "रात्री दोनला काही वाटलं तरी मला लावा," म्हणाली. भावाने सही केली. पंचवीस वर्षांत त्याची सही मी पहिल्यांदा पाहिली. 'भ' अजून शाळेत काढायचा तसाच काढतो.

दाखल्यांचं कामही तिने मार्गी लावलं. मानसिक आजार २०१६ च्या दिव्यांग कायद्यात येतो हेही आम्हाला माहीत नव्हतं. प्रमाणपत्र आल्यावर एसटीचं तिकीट पंचाहत्तर टक्के सवलतीत मिळू लागलं, आणि संजय गांधी निराधार योजनेचे, तेव्हाच्या दराने महिना १५०० रुपयेही सुरू झाले. हे पैसे त्याच्या स्वतःच्या खात्यात जमा होतात, घरच्यांनी त्यांना हात लावायचा नाही हे ताईने आम्हा बहीण-भावाला समोर बसवून सांगितलं.

आता मे महिन्यातली गोष्ट. जळगावचा उन्हाळा सांगायला नको, पारा पंचेचाळीसच्या आसपास. भावाला लिथियम, म्हणजे मनाचे चढउतार आवरणारं औषध, चालू आहे. त्याच्या घरातल्या दुसऱ्या भाडेकरूच्या लक्षात आलं की भावाच्या बशीतून चहा सांडतोय, हात थरथरताहेत. त्याने मदतनिसाला सांगितलं, मदतनिसाने ताईला फोन केला, आणि तासाभरात रक्त घेतलं गेलं. लिथियमची पातळी १.६ होती. दीडच्या वर गेली की विषबाधेची भीती असते. घामाने शरीरातलं पाणी आणि मीठ जातं, त्यातच गुडघ्यासाठी कोणीतरी दिलेली दुखण्याची गोळी त्याने आठवडाभर घेतली होती, आणि अशा गोळ्यांनीही पातळी चढते. डॉक्टरांनी त्याला दाखल करून घेतलं, लिथियम थांबवलं आणि सलाईन लावलं. तीन दिवसांनी तो बरा होऊन घरी आला. तेव्हापासून त्या घरात माठाजवळ एक वही आहे: कोणी किती तांबे पाणी प्यालं. दुपारी बारा ते चार तिघांपैकी कोणीही डाळ मिलच्या कामाला जात नाही, मिलमालकाशी ताईनेच बोलून ठेवलंय. तो एकटा भाड्याच्या खोलीत असता तर काय झालं असतं, हे मला अजून रात्री आठवतं.

श्रावणात कानबाईला तो चोपड्याला आला. रोट झाले, माय त्याच्याकडे बघत बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानेच गाडीची वेळ विचारली, कारण त्या दिवशी घरात कळण्याच्या भाकरीचं पीठ मळायची पाळी त्याची होती.

नाराजीही सांगायलाच हवी. ऑक्टोबरमध्ये ताई बदलली. नव्या ताईला लिथियमची गोष्ट कोणी सांगितलीच नव्हती, ताईच्या नोंदवहीत त्याची नोंद नव्हती, आणि पुढची तपासणी तीन आठवडे लांबली. एका ताईकडे चौदा माणसं असतात, रविवारी फोन कधी लागतो, कधी नाही. तुम्ही कुठेही चौकशी केलीत तर दोन प्रश्न आधी विचारा: माणूस बदलला तर माहिती कशी पुढे जाते, आणि रविवारी रात्री फोन कोण उचलतं. आम्ही तेव्हा एका रविवारी टेलिमानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, १४४१६ वर फोन करून धीर घेतला. तिथे मराठीत बोलता येतं.

आणि ७००० रुपये. केळीच्या बागेत मजुरीला जाणाऱ्या घराला हे झेपणारं नाही. संस्था काहींना सवलत देते, पण सगळ्यांना नाही.

बायकांसाठी घर नाही. माझ्या नणंदेची मुलगी २९ वर्षांची आहे, नवऱ्याने माहेरी आणून सोडली. औषधांनी बरी आहे, शिवणकाम करते, पण भाऊजयांशी पटत नाही आणि तिला स्वतःची खोली हवी आहे. दिवाळीत मी विचारलं तेव्हा ताई म्हणाली, बायकांच्या घराला जागा द्यायला मालक तयार होत नाहीत, रात्री मुक्कामाला राहणारी मदतनीस मिळत नाही. यादीत नाव लिहून घेतलंय. मी दर महिन्याला फोन करून विचारते. परवाही विचारलं.