दशैंचा टिळा, १,१८,७०० रुपये आणि मी

एकतीस वर्षे बँकेत काढून, त्यातली शेवटची सहा वर्षे समोर बसलेल्या पेन्शनरांना ‘कुणाच्याही खात्यावर पैसे टाकण्याआधी खाते कुणाच्या नावावर आहे ते बघा’ असे बजावण्यात घालवलेल्या बाईने स्वतःचे १,१८,७०० रुपये एका गोडबोल्या माणसाच्या हवाली करावेत, हे लिहितानाही हात आखडतो. घरातल्या मंडळींनी ‘झाले ते झाले, गावभर कशाला सांगतेस’ असा सल्ला दिला होता. तरीही लिहिते आहे, कारण माझ्यासारख्या नुकत्याच निवृत्त झालेल्या, हिंडण्याफिरण्याची ऐपत असलेल्या आणि नुसते ‘सात रात्री आठ दिवस’ नको असलेल्या माणसांनाच हे लोक नेमके हेरतात.

परदेशात चार आठवडे स्वयंसेवक म्हणून राहायचे, एका कुटुंबात जेवायचे-झोपायचे, सकाळी शाळेत इंग्रजी शिकवायचे, संध्याकाळी अनाथ मुलांबरोबर वेळ घालवायचा आणि ‘पर्यटक म्हणून नव्हे, घरचे माणूस म्हणून’ नेपाळचा दशैं अनुभवायचा, असा तो कार्यक्रम होता. आपल्याकडे घटात धान पेरतात तशी तिकडे जमरा उगवतात, दसऱ्याला वडीलधारी माणसे दही-तांदूळ-कुंकवाचा टिळा लावून आशीर्वाद देतात, आणि हा सण आपल्या कोजागिरीच्या पौर्णिमेपर्यंत चालतो, हे सगळे त्या पुण्याच्या माणसाने मला इतक्या रसाळपणे सांगितले की त्याच्या कचेरीतून बाहेर पडताना मी मनाने काठमांडूलगतच्या ललितपूरला पोहोचले होते. त्यातले एक अक्षरही खोटे नव्हते, हे आज अधिक बोचते.

हिशेब आधी सांगते. नोंदणी व पूर्वतयारी वर्गाचे ३,००० रुपये, कार्यक्रम शुल्क ६२,०००, ‘स्वयंसेवक व्हिसा व परवाना’ या नावाखाली १४,५००, विम्याचे ४,२००, आणि परत मिळणारी अनामत १०,००० असे एकूण ९३,७०० रुपये जून ते ऑगस्ट २०२४ या काळात मी यूपीआयने तीन हप्त्यांत भरले. विमानाचे तिकीट मी स्वतंत्रपणे काढले होते, ते यात धरलेले नाही. विम्याच्या पॉलिसीचा क्रमांक आजतागायत मिळालेला नाही.

आता त्या १४,५०० रुपयांविषयी, कारण माझी झोप आजही त्यांच्यापाशीच मोडते. भारतीय माणसाला नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. १९९८ साली मी आईला पशुपतिनाथाला नेले होते, तेव्हा गोरखपूरहून सोनौलीला उतरून सायकलरिक्षाने आम्ही सीमा ओलांडली होती आणि कुणी साधा कागदसुद्धा मागितला नव्हता. म्हणजे जी गोष्ट मी स्वतःच्या पायांनी अनुभवली होती, तीच मी विसरायचे ठरवले. मी विचारले नाही असे नाही. विचारले, तेव्हा तो क्षणाचाही विलंब न लावता म्हणाला, ‘काकू, पर्यटकांना लागत नाही, पण सेवाकार्य हे कामात मोडते, त्याला परवानगी लागते.’ अन्य देशांच्या नागरिकांना पर्यटक व्हिसावर, अगदी बिनपगारीसुद्धा, काम करण्यास तिथे खरोखरच मनाई आहे. त्याने तोच नियम उचलून मला चिकटवला. भारत आणि नेपाळ यांच्यातल्या १९५० च्या तहाने परस्परांच्या नागरिकांना राहण्याची आणि रोजगाराची मोकळीक दिली आहे, हे मी घरी बसून पाच मिनिटांत वाचू शकले असते. वाचले नाही. पावतीवर जीएसटी क्रमांक नव्हता, आणि पैसे ज्या खात्यावर गेले ते कुठल्याशा बाईच्या नावाचे बचत खाते होते. ‘आमच्या चालू खात्याचे केवायसी नव्याने सुरू आहे’ हे त्याचे उत्तर मी, जिने आयुष्यभर दुसऱ्यांची केवायसी तपासली तिने, मान डोलावून ऐकून घेतले. माझ्या बाजूने एवढेच म्हणता येईल की तो माणूस घाई करत नव्हता; उलट ‘सावकाश ठरवा’ म्हणत होता, आणि फसवणारा नेहमी घाई करतो असे आम्हीच लोकांना शिकवत आलो होतो.

काठमांडूच्या त्रिभुवन विमानतळावर ६ ऑक्टोबरला मी तो परवान्याचा कागद मोठ्या ऐटीत पुढे केला. खिडकीतल्या अधिकाऱ्याने तो वाचला, उलटून मागची कोरी बाजू पाहिली, ‘आप को तो कुछ लगता ही नहीं’ असे म्हणून कागद परत दिला आणि पुढच्या माणसाला खुणावले.

शाळा बंद होती. दशैंत तिकडच्या शाळांना मोठी सुट्टी असते, आपल्याकडे दिवाळीची असते तशीच, आणि तरीही दशैंच्या ऐन तोंडावर शाळेत शिकवण्याचे शुल्क मी भरले होते. ज्या घरी उतरले त्या दिदी भल्या होत्या. माझ्यासाठी त्यांना दिवसाला ५०० नेपाळी रुपये मिळत होते आणि मी स्वयंसेवक वगैरे आहे याची त्यांना कल्पनाही नव्हती. अठ्ठावीस दिवसांचे १४,००० नेपाळी, म्हणजे १.६ च्या ठरलेल्या दराने ८,७५० भारतीय रुपये होतात. उरलेले कुठे गेले ते विचारू नका. कुठल्याही कार्यक्रमाचे पैसे भरण्यापूर्वी ज्या घरी राहणार त्या घराशी थेट फोनवर बोलण्याचा आग्रह धरा; नंबर देण्यास टाळाटाळ झाली की तिथेच थांबा.

राहिला तो अनाथाश्रम. चौदा मुले, दोन खोल्या, जमिनीवर अंथरलेल्या पातळ सतरंज्या. व्यवस्थापकाने तिसऱ्याच दिवशी डोळ्यांत पाणी आणून थंडीचा विषय काढला आणि मी एटीएममधून दोनदा वीस-वीस हजार काढून ४०,००० नेपाळी रुपये, म्हणजे आपले २५,०००, त्याच्या हातात ठेवले; आधीच्या ९३,७०० सह एकूण १,१८,७०० झाले ते असे. दुसऱ्या दिवशी गाद्या आल्या. मुलांना त्यांवर बसवून माझ्यासह फोटो काढले गेले, पण गाद्यांवरचे प्लास्टिक काही केल्या काढू दिले नाही. ‘धूळ बसेल’ म्हणे. त्या प्लास्टिकचा कुरकुर आवाज, त्यावरून घसरणारी आणि हसणारी मुले आजही डोळ्यांसमोर आहेत. दोन दिवसांनी खोलीत पुन्हा सतरंज्या होत्या.

दशमीला, १२ ऑक्टोबरला, व्यवस्थापकाने आम्हा तीन पाहुण्यांसमोर मुलांना ओळीने टिळा लावला. आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा कानामागे जमराच्या पिवळ्या काड्या खोचून माझ्याजवळ बसला होता. दशैंत तिकडे मुले मामाघरी जातात, हे मला ठाऊक होते. आपल्या मामाच्या गावासारखेच ते. मी सहज विचारले, तुझा मामा कुठे असतो. त्याने आधी व्यवस्थापकाकडे पाहिले, मग हळूच म्हणाला, ‘मेरी आमा घरमा हुनुहुन्छ.’ हे समजायला मराठी माणसाला शब्दकोश लागत नाही. त्याची आई घरी आहे. हुमला की कुठल्या डोंगरी जिल्ह्यात, ते त्याला नीट सांगता आले नाही, आणि तेवढ्यात त्याला हाक आली.

नेपाळमधल्या अशा आश्रमांतील बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. १९९६ ते २००६ च्या यादवीपासून दलाल दुर्गम खेड्यांतल्या आईबापांना शिक्षणाचे आमिष दाखवून मुले खाली आणत आले आहेत. आणि असे आश्रम मुख्यतः पर्यटक फिरकतात त्याच मोजक्या जिल्ह्यांत एकवटले आहेत, हे सगळे मी परत आल्यावर वाचले. युनिसेफ याविषयी वर्षानुवर्षे सावध करत आली आहे. सणाच्या दिवशी ती मुले घरी नव्हती, कारण सणाच्या दिवशी मी तिथे असणार होते. परदेशात असो वा इथे, पाहुण्याला पहिल्याच दिवशी मुलांच्या खोलीत मोकळेपणाने सोडणाऱ्या संस्थेत पाऊल टाकू नका आणि रोख देणगी देऊ नका.

तिथे मी १०९८ या बालमदतवाहिनीला फोन केला. त्यांनी निदान पत्ता आणि तपशील उतरवून घेतला. (आपल्याकडेही हाच क्रमांक आहे, लक्षात ठेवायला सोपा.) पण त्यानंतर जिथे जाऊन बसले, त्या कचेरीत आधी सणाची सुट्टी होती, आणि सुट्टी संपल्यावर तिथल्या साहेबांनी मलाच विचारले की तुम्ही कुणाच्या परवानगीने तिथे काम करत होता. मी तो १४,५०० रुपयांचा कागद दाखवला. ते हसले नाहीत, एवढे त्यांचे उपकार. चार आठवड्यांऐवजी दोनच आठवड्यांत, २० ऑक्टोबरला, मी परतले.

आणि इथे? नाशिकला पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी ‘साहेब बंदोबस्ताला’, दुसऱ्या दिवशी ‘घटना काठमांडूची, आमची हद्द नाही’, तिसऱ्या दिवशी ‘पैसे पुण्याला गेले, पुण्याला जा’. भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ फसवणुकीचे आहे आणि हद्द कुठलीही असली तरी गुन्हा नोंदवून घ्यावा लागतो, हे मी छापील कागद पुढे ठेवून सांगितले, तेव्हा त्या हवालदाराने कागद न उचलताच म्हटले, ‘काकू, फिरायला गेला होतात, फिरून आलात; यात फसवणूक कुठे?’ लाज, संताप, आणि त्याच्या टेबलावरचा थंड झालेला चहा. माझा तक्रार अर्ज घेतला गेला तो अकराव्या फेरीला, तोही पोच न देता. पोच मी भांडून चौदाव्या फेरीला मिळवली. ज्या बँकेत मी आयुष्य घालवले तिने ‘व्यवहार ग्राहकाने स्वतः मंजूर केलेला आहे’ असे दोन ओळींचे पत्र दिले. तसल्या दोन ओळी मीही कित्येकांना दिल्या आहेत, म्हणून त्याविषयी बोलत नाही. सायबर फसवणुकीच्या १९३० या मदतवाहिनीवर फोन करायचा तर पैसे गेल्यागेल्या करा. माझे चार महिने उलटून गेले होते. ग्राहक आयोगात मात्र राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्यासाठी शुल्क लागत नाही, तेव्हा पुण्याला खेटे घालू नका. माझी तक्रार दाखल झाली आहे. आतापर्यंत तीन तारखा पडल्या, तिन्ही वेळा समोरचा गैरहजर.

अनामतीचे १०,००० मागितले तेव्हा ‘कार्यक्रम अर्धवट सोडल्यामुळे जप्त’ असा निरोप आला आणि कुरिअरने एक प्रमाणपत्र आले, त्यात माझे आडनाव चुकलेले. गेल्या आठवड्यात एका मैत्रिणीने पुढच्या दशैंच्या नोंदणीची जाहिरात मला पाठवली. शुल्क आता ६८,००० आहे. जाहिरातीतल्या फोटोत प्लास्टिक न काढलेल्या गादीवर मुलांच्या मधोमध हिरव्या ओढणीतली जी बाई हसते आहे, ती मी आहे, आणि ते छापायला मी कुणालाही परवानगी दिलेली नाही.