रात्री एकला जाणारी लाईट: सोलर चार्ज कंट्रोलरचा दहा महिन्यांचा अनुभव

खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पुढं आमची भाताची शेती आणि थोडी काजूची झाडं आहेत. शेतघरापर्यंत विजेची तार पोचलेली नाही. डुकरं आणि गवे येतात म्हणून धाकटे काका रात्री तिथंच झोपतात. गेल्या नोव्हेंबरात सुगी आटोपल्यावर मी बेळगावच्या रविवार पेठेतून सामान आणून सोलर बसवून घेतलं: 100 वॅटची दोन पॅनेलं, 100 ॲम्पिअर अवरची ट्युब्युलर बॅटरी, 9 वॅटचे दोन डीसी बल्ब आणि 20 ॲम्पिअरचा पीडब्ल्यूएम (साध्या, स्वस्त प्रकारचा) कंट्रोलर. हा रिव्ह्यू त्या कंट्रोलरचा आहे, म्हणजे पॅनेल, बॅटरी आणि बल्ब यांच्या मधे बसून चार्जिंग सांभाळणाऱ्या डब्याचा. वस्तू चांगली आहे. सोबतचं माहितीपत्रक मात्र भिंगाशिवाय वाचता येत नाही, आणि वाचलं तरी कळत नाही. निम्मा त्रास त्यातून झाला, उरलेला मी ते न वाचल्यामुळे.

पहिल्याच आठवड्यात रात्री एकला काकांचा फोन आला. "अरे, लाईट गेलं बघ. बॅटरी तर भरलेली दाखवूलंय." दुसऱ्या रात्री पुन्हा तसंच. मी उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये काम करतो, त्यामुळे शनिवारशिवाय जाणं होत नाही. शनिवारी जाऊन बघितलं तर पडद्याच्या कोपऱ्यात बारीक 6 आकडा. तो लोड मोड होता, म्हणजे बल्ब किती वेळ चालवायचे ते सेटिंग. सूर्य मावळला हे कंट्रोलर पॅनेलच्या व्होल्टेजवरून ओळखतो. अंधार पडून पॅनेलचं व्होल्टेज उतरलं की दहा मिनिटं थांबतो आणि बल्ब लावतो. मग जो आकडा ठेवला असेल तितके तास मोजून बंद करतो. पावणेसातला लागलेली लाईट पावणेएकला जाणारच. आकडा 0 केला की संध्याकाळपासून उजाडेपर्यंत चालते. याशिवाय बटण दाबून हाताने चालू-बंद करायचा एक मोड आहे आणि दिवसा वायरिंग तपासायला टेस्ट मोड. चार दिवस मी बॅटरीवाल्याला शिव्या घालत होतो, ते जाऊ दे.

डिसेंबरात दुसरी तक्रार आली. "बारा वाजता पत्रा तापूलाय आणि तुझं मशीन 0.8 दाखवूलंय. झोपलंय ते." सकाळी दहाला 8 ॲम्पिअर आणि ऐन उन्हात 0.8? मी शिडी लावून पॅनेलं पुसली, मागच्या जोडण्या घट्ट केल्या, आकडा ढिम्म हलला नाही. मग सहज व्होल्टेज बघितलं तर 14 च्या वर, आणि तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

लोड मोड आपण ठेवायचा असतो. चार्जिंगच्या पायऱ्या मात्र कंट्रोलर स्वतःच चढतो-उतरतो. सकाळी बॅटरी भुकेली असते, तेव्हा पॅनेल देईल तेवढा सगळा करंट तो आत सोडतो. याला बल्क म्हणतात. व्होल्टेज ठरलेल्या आकड्याला टेकलं की ते तिथंच धरून ठेवतो आणि बॅटरी जेवढं मागेल तेवढंच देतो. ही ॲब्सॉर्प्शन, आमच्या कंट्रोलरच्या भाषेत बूस्ट. इथं करंट आपोआप उतरत जातो, 8 वरून 3, मग 1. ताट वाढताना पहिला भात भराभर, पोट भरत आलं की घास-घास, तसंच. सुमारे दोन तासांनी तो 13.8 व्होल्टवर उतरतो. ते फ्लोट, म्हणजे भरलेली बॅटरी भरलेली ठेवायची. काका रात्री दोनच बल्ब लावतात, म्हणजे अठरा ॲम्पिअर अवरच्या आसपास खर्च. तो दुपारपर्यंत भरून निघतो, म्हणून बाराला 0.8. रोज दुपारी करंट असा उतरत असेल आणि व्होल्टेज वर असेल तर खुशाल जेवायला बसावं. करंटही कमी आणि व्होल्टेजही 12 च्या घरात असेल, तेव्हा शिडी काढावी.

मार्चमध्ये बॅटरीचं पाणी बघायला गेलो तेव्हा खरी चूक सापडली. हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजायची नळी) घालून बघितलं तर पाच खान्यांत 1.220 च्या आसपास आणि एकात 1.190. आमच्या बॅटरीवर पूर्ण भरल्यावर 1.240 छापलंय. सेटिंग उघडलं तर बॅटरीचा प्रकार 'जेल', म्हणजे आत जेलीसारखं घट्ट ॲसिड असलेली, आणि आमची तर पाणी घालायची! बसवणाऱ्याने घाईत बटण दाबलं असणार. जेलला बूस्ट 14.2 वर थांबतो, पाण्याच्या बॅटरीला 14.6 लागतात. शिवाय जेलमध्ये इक्वलाइझ नसतं. पाण्याच्या बॅटरीत जड ॲसिड तळाशी बसतं, म्हणून महिन्यातून एकदा 14.8 पर्यंत नेऊन मुद्दाम बुडबुडे काढायचे असतात. त्याने ॲसिड ढवळतं आणि मागे राहिलेला खाना बाकीच्यांच्या जोडीला येतो. प्रकार 'फ्लडेड' केला, डिस्टिल्ड वॉटर घातलं, दोन वेळा इक्वलाइझ झाल्यावर सगळे खाने 1.235 च्या आसपास आले. त्या दिवशी बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून खिडकी उघडी ठेवायची. काकांची बिडी अंगणात. यावरून आमच्यात जो वाद झाला तो इथं लिहीत नाही. सीलबंद किंवा जेल बॅटरी असेल तर इक्वलाइझच्या वाटेला जाऊच नका, आतलं पाणी उडालं तर परत घालता येत नाही.

जुलैतला पाऊस आमच्याकडे कसा असतो ते कणकुंबीकडच्या लोकांना सांगायला नको. आठवडाभर पॅनेलने एक ॲम्पिअरही धड दिला नाही. 11.1 व्होल्टला कंट्रोलरने बल्ब तोडले, ते बरोबरच होतं. दुसऱ्या दिवशी दोन तास ऊन पडलं, व्होल्टेज 12.3 झालं, तरी संध्याकाळी लाईट लागेना. तोडायचा आकडा 11.1 आणि पुन्हा जोडायचा 12.6 असतो, नाहीतर रात्रभर बल्ब चालू-बंद होत राहील. काकांना हे माहीत नव्हतं. त्यांनी क्लिपा लावून बल्ब सरळ बॅटरीलाच जोडला. शनिवारी मी मीटर लावला तर 10.4. अशी बॅटरी दोन-चार दिवस पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं. गावातून चार्जर लावून ती वर आणली. आता पावसाळ्यात एकच बल्ब आणि लोड मोड 4 तास.

शेजारच्या रानातल्या एकाने हे बघून 330 वॅटचं मोठं पॅनेल असल्याच कंट्रोलरला जोडायचं ठरवलं होतं. पीडब्ल्यूएम पॅनेलला बॅटरीच्या व्होल्टेजवर ओढून आणतो. 37 व्होल्टला 9 ॲम्पिअर देणारं पॅनेल 13 व्होल्टलाही 9 च देणार, म्हणजे 117 वॅट. शिवाय एवढं व्होल्टेज कंट्रोलरला सोसतं का ते वेगळंच बघावं लागतं. त्याला एमपीपीटी घे म्हटलं, तो कंट्रोलर जास्तीचं व्होल्टेज करंटमध्ये बदलून घेतो. महाग आहे, पण बाकीचे दोनशे वॅट फुकट घालवण्यापेक्षा परवडतं.

वाईट म्हणाल तर टर्मिनलचे स्क्रू. फार छोटे, चार चौरस मिलिमीटरची वायर बसवताना घाम निघतो, आणि उन्हाळ्यात एक सैल पडून तिथलं प्लास्टिक पिवळं झालंय. पडद्याचा उजेड दुपारी दिसत नाही. हवेच्या फटीतून मुंग्या आत जातात, दर महिन्याला ब्रशने झाडावं लागतं. बॅटरी आधी जोडायची, मग पॅनेल, शेवटी बल्ब, आणि सोडवताना उलट, हे पत्रकात पाचव्या पानावर आहे. ते पहिल्या पानावर हवं होतं.

आता कंट्रोलरशेजारी भिंतीवर काकांच्या अक्षरात कागद चिकटवलेला आहे: "दुपारी कमी करंट = पोट भरलंय. 11.1 ला गेलं की 12.6 पर्यंत गप बसायचं."