लो व्होल्टेज टेक्निशियनचा कोर्स, मानेवाडा रोड, नागपूर: साडेतीन स्टार

बोर्डावर नाव मोठं लिहिलंय पण एरियात सगळे याला सीसीटीव्हीचा कोर्सच म्हणतात. कॅमेरे, लॅन केबलिंग, दाराचे मॅग्नेटिक लॉक, फायर अलार्म, इंटरकॉम असं सगळं १२, २४, ४८ व्होल्टवालं काम, घरच्या २३०च्या वायरिंगचं नाही.

शिकवणारे सर स्वतः साईटवर काम करतात, ते लगेच कळते. सुरुवातीलाच हातात क्रिम्पिंग टूल देऊन आरजे४५ (नेटवर्क केबलच्या टोकाचा प्लग) मारायला बसवलं, वायरींचा क्रम पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी, अन् टेस्टरवर आठही लाईट ओळीनं लागल्याशिवाय चहाला सोडत नव्हते. पण खरे पैसे वसूल झाले ते केबलच्या लेक्चरला. दिवसा कॅमेरा मस्त चालते अन् रात्री बंद-चालू होत राहते, ही कंप्लेंट सगळीकडे असते ना, तर अंधार झाला की कॅमेऱ्याचे आयआर (रात्री दिसावं म्हणून असलेले इन्फ्रारेड लाईट) लागतात, करंट जास्त ओढतो, मग लांबच्या बारीक वायरीत व्होल्टेज पडते अन् कॅमेरा रिस्टार्ट होत बसतो. लोक कॅमेरा बदलतात, दोष असतो वायरीचा! सरांनी प्युअर कॉपर अन् तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमवाली स्वस्त केबल, दोन्ही सारख्या लांबीच्या घेऊन शेवटच्या टोकाला मीटर लावून फरक दाखवला. पीओईला (नेटवर्क केबलमधूनच कॅमेऱ्याला पॉवर देतात ते) कॅट सिक्स केबल १०० मीटरच्या पुढं ओढायची नाही हे पण तेव्हाच डोक्यात बसलं.

आता फायर अलार्म. पॅनल (अलार्मचा कंट्रोल बॉक्स) आहे, पण शेल्फवर धूळ खाऊन राहिलं बाप्पा. झोनच्या (पॅनलला जोडलेल्या एका भागाच्या वायरीच्या) शेवटी रेझिस्टर का लावतात, वायर तुटली तर पॅनलला कसं समजते, सगळं फळ्यावरच. मॅग्नेटिक लॉक लाईट गेली की सुटतो, आग लागली तर माणसं आत अडकू नयेत म्हणून, अन् त्यासाठीच तो फायर पॅनलच्या रिलेला (आपोआप चालू-बंद होणाऱ्या स्विचला) जोडतात. हे सांगितलं पण जोडून एकदाही दाखवलं नाही. मिहानमधल्या (विमानतळाजवळचा कंपन्यांचा भाग) ऑफिसात नाहीतर मोठ्या दवाखान्यात काम पाहिजे असेल तर हेच विचारतात, चार कॅमेरे लावणारे तर गल्लोगल्ली आहेत.

ते सांगतात ती १०० टक्के प्लेसमेंट म्हणजे सीताबर्डीच्या दोन-तीन डीलरचे नंबर, तिथं हेल्परपासून सुरुवात. सर्टिफिकेट या क्लासचं स्वतःचं आहे, एनएसक्यूएफचं (सरकारच्या कौशल्य पात्रता चौकटीतलं) नाही, त्यामुळे सरकारी कागद पाहिजे असेल तर सरळ आयटीआयला इलेक्ट्रिशियन करा, दोन वर्षं जातील पण कागद पक्का.

मे महिन्याची बॅच घेऊ नका राजेहो, लॅबवर टिनाचं छत आहे अन् कूलर एकच, तोही सरांच्या टेबलाकडे. शनिवार-रविवारच्या बॅचला पोरं कमी असतात, टूल लवकर हाती येते. फी हप्त्यात घेतात, पण पहिला हप्ता द्यायच्या आधी ते फायर पॅनल चालू करून दाखवा म्हणा.