भाड्याने गोली मागवला, स्टार देताना मात्र अडकलो

कॅनडात, मिसिसॉगात आमची आइस हॉकीची हौशी, म्हणजे इकडच्या भाषेत बिअर लीगची, टीम आहे, एकदम खालची लेव्हल, मॅच रात्री पावणेअकराला कारण चांगल्या वेळा सगळ्या पोरांच्या टीमना जातात. आमच्या नेहमीच्या गोलीचा (गोळी नाही हो, गोली, इकडे आइस हॉकीत गोलकीला हेच म्हणतात) गुडघा गेलाय म्हणून दोन महिने एका ॲपवरून भाड्याने गोली मागवतोय. हो, मिळतो, पिझ्झासारखा. रिंक, वेळ, लेव्हल टाकायची, पन्नासेक डॉलर कापले जातात आणि कोणीतरी ही भलीमोठी बॅग ओढत दारात हजर. एकदाच ऐनवेळी कॅन्सल झालं, पैसे लगेच परत आले. बाकी सर्व्हिस झकास.

माझी कटकट आहे ती रेटिंगची. परवा एक कॉलेजातला पोरगा आला, आम्ही ९-२ हरलो, आणि आमच्यातल्या एकाने स्केट्सच्या लेस सुटायच्या आत फोन काढून त्याला दोन स्टार ठोकले. अरे पण तिसरा गोल आठव ना! आपले दोन्ही डिफेन्सवाले हिरो बनायला पुढे गेलेले, समोरून दोघं मोकळे सुटले, त्या पोराने पहिला शॉट पॅडवर घेतला, पक (हॉकीतली रबराची चकती) तिथेच समोर पडला, तो नुसता काठीने बाजूला सारायला आपलं कुणी नाही, मग त्यांच्या माणसाने सावकाश उचलून आत टाकला. स्लिपमध्ये तीन कॅच सोडायचे आणि वर बॉलरच्या फिगर बघून नाक मुरडायचं, त्यातली गत. त्याच्या आदल्या आठवड्यातला काका पोस्टला टेकून उभा होता, समोरची टीम आमच्याहून भंगार, शॉट आले जेमतेम दहा, त्याला सगळ्यांनी पाच स्टार.

आमचं सोडा, एनएचएलनेही (इकडची सगळ्यात मोठी आइस हॉकी लीग) वर्षानुवर्षं हेच केलंय. बेस्ट गोलीची व्हेझिना ट्रॉफी १९८१ पर्यंत सरळ सगळ्यात कमी गोल खाणाऱ्या टीमच्या गोलीला जायची, म्हणजे बक्षीस अर्धं डिफेन्सचं. मग त्या हिशोबाला जेनिंग्ज ट्रॉफी वेगळी काढली आणि व्हेझिना टीमच्या जनरल मॅनेजरांच्या मतांवर गेली. तरी २००३-०४ बघा. फ्लोरिडाच्या लुओंगोवर २,४७५ शॉट आले, मॅचला चौतीसेक, त्यातले २,३०३ त्याने अडवले. न्यू जर्सीच्या ब्रोडरवर मॅचला पंचवीसच्या आत, कारण पुढे डिफेन्सला नीडरमायर, अर्धा सीझन स्कॉट स्टीव्हन्स आणि पक मधल्या पट्ट्यातच अडकवायची टीमची जुनी सवय. अडवायची टक्केवारी लुओंगोची ९३.१, ब्रोडरची ९१.७. व्हेझिना कुणाला? ब्रोडरला. ब्रोडर भारीच, ६९१ विजय उगीच होत नाहीत, पण त्या वर्षी मी लुओंगोला दिली असती.

आता उलटंही ऐका, नाहीतर आमचा दोन-स्टारवाला म्हणेल सगळं डिफेन्सवरच ढकलतोय. मॉन्ट्रियलचा जुना गोली ड्रायडन, त्याला लोक म्हणायचे की याच्यापुढे इतके तगडे डिफेन्सवाले, कुणीही उभा राहील. १९७३-७४ ला पगारावरून वाजलं, साहेब टोरंटोत वकिलीच्या फर्ममध्ये जाऊन बसले आणि टीमने आदल्या सीझनला १८४ गोल खाल्ले होते ते थेट २४० वर गेले. म्हणजे गोलीचाही हात असतोच, फक्त तो एका मॅचच्या स्कोअरवरून दिसत नाही.

त्यामुळे ॲपवाल्यांना एकच सांगणं, स्टारच्या आधी निदान एवढं विचारा की शॉट किती आले आणि त्यातले एकट्याने किती झेलायला लागले. तोवर ॲपला माझे साडेतीन.

त्या पोराला मी पाच दिले. पुढच्या बुधवारसाठी परत त्यालाच रिक्वेस्ट टाकलीये, तीन दिवस झाले, पठ्ठ्याने अजून ॲक्सेप्ट केली नाही.